मांडवीवरील फेरीबोट : पाण्यावरचा सार्वजनिक रस्ता

रस्ता नदीकाठी येऊन थांबतो आणि पलीकडच्या काठावरून पुन्हा सुरू होतो, असे दृश्य आपल्या देशात पूर्वी सर्वत्र दिसे. मधल्या पाण्यावरून माणसे, जनावरे आणि गाड्या नेण्याचे काम तर चालविणारे नावाडी करीत. पूल झाले तसतशा बहुतेक तरी बंद पडल्या. गोव्यात मात्र मांडवी नदीवर ही व्यवस्था यांत्रिक रूपाने अद्याप चालू आहे. सकाळी कामावर जाणारे नोकरदार, शाळेची मुले, बाजारास निघालेल्या स्त्रिया, दुचाक्या, मोटारी आणि मालाचे टेम्पो एकाच सपाट तळाच्या बोटीवर चढतात आणि काही मिनिटांत पैलतीरी उतरतात. प्रवाशांस या प्रवासाचे मोठे अप्रूप वाटते. दिवाडी बेटावरील ग्रामस्थांना मात्र हा रोजचा रस्ता होय, आणि त्याचा विचारही रस्ता म्हणूनच व्हावयास हवा. या व्यवस्थेचा इतिहास काय, तिचे तंत्र कसे चालते आणि पुलांच्या काळात तिचे प्रयोजन कोणते, याचा परिचय ग्रामस्थ, अधिकारी व शिक्षक या तिघांनाही उपयुक्त ठरेल.

तर, सांगड आणि उतारू

मराठी भाषेत या विषयाचे शब्द जुने आणि नेमके आहेत. नदी ओलांडण्याच्या नावेस व त्या जागेस 'तर' म्हणतात. पायी पार होण्याजोग्या उथळ जागेस 'उतार' म्हणतात. नावेतून पलीकडे उतरणारा तो 'उतारू'. हा शब्द पुढे आगगाडीच्या व मोटारीच्या प्रवाशासही लागू झाला.

आजच्या वाहनवाहू बोटीची पूर्वज म्हणता येईल ती 'सांगड'. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकल्या की रुंद आणि स्थिर तराफा तयार होतो. एकट्या होडीत बैलगाडी चढविली तर होडी कलंडेल. सांगडीवर ती निर्धास्त उभी राहते. या शब्दामागे संस्कृतातील 'संघाट' म्हणजे एकत्र जोडलेली वस्तू हा शब्द आहे. त्याच मुळातून मल्याळममध्ये 'चङ्ङाडम्' हा शब्द आला. मलबार किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांनी ऐकला, आणि त्यांच्या भाषेतील 'जांगाडा' हा तराफ्याचा शब्द त्यातून घडला. ब्राझीलच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचे तराफे आजही त्याच नावाने ओळखले जातात. नदी ओलांडण्याची ही युक्ती किती जुनी व किती दूरवर पसरलेली आहे, याची साक्ष त्या शब्दाच्या प्रवासातून मिळते.

तर ही केवळ नावाड्याची खाजगी उपजीविका नाही, तिच्यावर सार्वजनिक नियंत्रण हवे, ही गोष्ट शासनाने पूर्वीच ओळखली होती. मुंबई इलाख्यात तरी आणि अंतर्गत नौका यांसंबंधीचा कायदा १८६८ साली झाला. उत्तर हिंदुस्थानासाठी १८७८ साली झालेला तरींचा कायदा मध्य प्रांतासही लागू होता. दरांचा तक्ता देशी भाषेत, सुवाच्य अक्षरांत, तरीजवळ ठळक जागी लावण्याचे बंधन त्याने मक्तेदारावर घातले. गरजू प्रवाशाकडून मनमानी पैसे उकळले जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू उघड आहे. जुन्या १९१७ च्या अंतर्देशीय नौका कायद्याची जागा आता २०२१ च्या कायद्याने घेतली असून बोटीची नोंदणी, पाहणी, चालकांची पात्रता आणि प्रवाशांची सुरक्षितता या बाबी त्याच्या कक्षेत येतात.

दोन काठ, एक इतिहास

मांडवीच्या पात्रात पणजीच्या पूर्वेस चोडण आणि दिवाडी ही दोन मोठी बेटे आहेत. दिवाडीच्या दक्षिणेस जुने गोवे आणि उत्तरेस डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव. कदंब राजांचे आराध्य दैवत श्रीसप्तकोटेश्वर याचे मूळ देवस्थान दिवाडी बेटावर होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा भाविकांनी देवाचे लिंग नदीपलीकडे नार्वे येथे नेले. तो प्रदेश त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ साली त्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. अलीकडे मंदिराचे संवर्धन होऊन २०२३ साली त्याचे लोकार्पण झाले. ज्या पाण्याने एके काळी दोन राजवटी विभागल्या, त्याच पाण्यावरून आज दिवाडी–नार्वे फेरीबोट ये-जा करते.

दक्षिण काठावरील इतिहास निराळा आहे. वास्को द गामाचा पणतू गोव्याचा व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, जुन्या गोव्याच्या धक्क्याजवळ व्हाइसरॉयची कमान उभारण्यात आली. जलमार्गाने येणारा नवा अधिकारी तिच्याखालून शहरात प्रवेश करीत असे. पुढे रोगराईने ते शहर ओस पडले आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीस मिळाला. आज दिवाडीहून फेरीबोटीने उतरलेला शेतकरी वा विद्यार्थी त्याच कमानीकडे जाणाऱ्या वाटेने पुढे जातो. अधिकाऱ्यांच्या स्वागतासाठी बांधलेले प्रवेशद्वार असे सामान्य उतारूंच्या नित्याच्या वाटेवर आले आहे.

दिवाडीस जाण्यासाठी जुने गोवे, रायबंदर आणि नार्वे अशा तीन ठिकाणांहून बोटी सुटतात. चोडणला रायबंदर व पोंबुर्पा येथून जाता येते. पणजी–बेती या शहराजवळच्या मार्गावर, तसेच उत्तर टोकाला केरी–तेरेखोल मार्गावरही फेरीबोट आहे. ही सेवा गोवा शासनाचे नदी परिवहन खाते चालविते. पादचाऱ्यांस भाडे पडत नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. रस्त्यावरून पायी चालणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही, तोच न्याय येथे पाण्यास लागू झाला आहे.

पूल आले, पूल कोसळला

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, त्या वेळी मांडवी व जुवारी या दोन्ही मोठ्या नद्यांच्या मुखाजवळ पूल नव्हते. पणजीहून म्हापशाकडे निघालेल्यास बेतीची आणि मडगावकडे निघालेल्यास आगशी–कुठ्ठाळीची बोट गाठावी लागे. मांडवीवरील नेहरू पूल झाल्यानंतर उत्तरेकडील मार्ग मोकळा झाला. जुवारीवरील पूल १९८३ साली वाहतुकीस खुला झाला. फेरीबोटींचे दिवस संपले असे त्या वेळी अनेकांस वाटले असल्यास नवल नाही.

मात्र ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, मांडवीवरील तो पूल कोसळला. उत्तर गोव्याचा राजधानीशी असलेला मुख्य मार्ग एकाएकी तुटला. वाहतूक पुन्हा फेरीबोटींवर आली. पर्यायी नवा पूल १९९२ साली खुला होईपर्यंत पणजी–बेती ही जलवाट पुन्हा महत्त्वाची ठरली. पुढे २०१९ साली मांडवीवर अटल सेतू झाला आणि जुवारीवरील नवा पूल २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. आज पुलांची संख्या वाढली असली, तरी १९८६ चा धडा जुना झालेला नाही. बोटी, धक्के आणि पात्राची नस ओळखणारे खलाशी त्या दिवशी जागेवर होते, म्हणूनच संकट आवरता आले. बोट विकत घेता येते. पात्र जाणणारा तांडेल मात्र वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. वापरात असलेली फेरी ही अडचणीच्या प्रसंगी उपयोगी पडणारी राखीव व्यवस्था आहे, ती या अर्थाने.

बोट तरते कशी?

फेरीबोटीकडे पाहून विद्यार्थ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो : इतक्या मोटारी चढूनही बोट बुडत कशी नाही? आर्किमिडीजचा नियम येथे डोळ्यांसमोर पडताळता येतो. सोयीसाठी असे समजू की, बोटीचा तळ २० मीटर लांब व ७ मीटर रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ १४० चौरस मीटर होईल. बोट १० सेंटिमीटर अधिक खाली गेली की ती १४ घनमीटर पाणी बाजूस सारील. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. म्हणजे बोट १४ टनांचा अधिक भार पेलील. प्रत्येकी एक टनाच्या दहा मोटारी आणि सरासरी ६० किलो वजनाची शंभर माणसे यांचे एकूण वजन १६ टन होते. तेवढ्या भाराने ही बोट साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत खाली जाईल.

मग नियम कशासाठी? भार किती यापेक्षा भार कोठे, हा प्रश्न अनेकदा अधिक महत्त्वाचा असतो. सर्व वाहने एका बाजूस उभी राहिली किंवा काही पाहण्यासाठी सारी माणसे एका कठड्याशी धावली, तर भार क्षमतेपेक्षा कमी असूनही बोट कलते. यासाठीच अवजड वाहन मधोमध घेणे, दोन्ही बाजूंचा भार सारखा राखणे आणि बोट टेकेपर्यंत जागा न सोडणे या सूचना असतात. खलाशी एखादी मोटार मागे घ्यावयास सांगतो, तेव्हा तो बोटीचा तोल सांभाळत असतो.

दुसरी अडचण भरती-ओहोटीची. मांडवीचे खालचे पात्र खाडीचे आहे. तेथे दिवसातून साधारणतः दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि उधाणाच्या दिवसांत पातळीतील फरक दोन मीटरांहून अधिक होतो. उभ्या भिंतीचा धक्का असता तर वाहने चढविण्याची वेळ दिवसात मोजकीच मिळाली असती. त्यावर उपाय म्हणून धक्का उतरता बांधतात. पाणी वर असो वा खाली, त्या उतारावर कोठे तरी बोटीची फळी टेकतेच. बांधकामातील ही साधी सोय नसती, तर फेरीबोटीला वेळापत्रक ठेवणे शक्य झाले नसते.

तिसरी गोष्ट प्रवाहाची. पात्र ५०० मीटर रुंद आणि बोटीचा वेग सेकंदास अडीच मीटर धरल्यास, स्थिर पाण्यात पलीकडे जाण्यास २०० सेकंद लागतील. प्रवाहाचा वेग सेकंदास एक मीटर असेल आणि बोटीचे तोंड समोरच्या धक्क्याकडे सरळ ठेवले, तर तेवढ्या वेळात ती २०० मीटर खाली वाहत जाईल. म्हणून चालक बोटीचे तोंड प्रवाहाविरुद्ध काहीसे तिरके धरतो. तसे केल्यास प्रवास सुमारे २१८ सेकंदांचा होतो, पण बोट नेमकी धक्क्यास लागते. भरतीच्या वेळी प्रवाह उलटा फिरला की हा तिरकसपणाही उलट बाजूस करावा लागतो. पावसाळ्यातील लोंढा, धुके आणि मालवाहू बार्जेस यांचे भान राखून हे सारे साधावयाचे असते. मांडवी नदी ही २०१६ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ६८ ठरली आहे, म्हणजे फेरीबोट जो मार्ग ओलांडते तो स्वतःच एक राजमार्ग आहे.

रांगेचे गणित

फेरीबोटीविषयी लोकांची मुख्य तक्रार बोटीत बसण्यापूर्वीची असते : रांग. तिचेही गणित मांडता येते. एका बोटीवर दहा मोटारी मावतात आणि चढ-उतारासह जाऊन परत येण्यास २० मिनिटे लागतात असे धरले, तर तासात तीन फेऱ्या होऊन एका दिशेने ३० मोटारी जातील. सकाळी तासाला ४० मोटारी येऊ लागल्या, तर पहिल्या तासाअखेर १० व दुसऱ्या तासाअखेर २० मोटारी काठावर उभ्या राहतील. शेवटच्या मोटारीस ४० मिनिटे थांबावे लागेल. प्रवास मात्र काही मिनिटांचाच. त्याच वेळी दुसरी बोट सोडली, तर रांग मुळात तयारच होत नाही. यावरून असे दिसते की, दिवसभरातील फेऱ्यांची एकूण संख्या वाढविण्यापेक्षा गर्दीच्या दोन तासांत बोट हाताशी ठेवणे अधिक फलदायी असते.

जागेचा हिशेबही महत्त्वाचा आहे. भोवतालच्या मोकळ्या जागेसह एक मोटार सुमारे १० चौरस मीटर जागा व्यापते. बहुधा तिच्यात एक किंवा दोन माणसे असतात. तेवढ्याच जागेत पाच-सहा दुचाक्या किंवा वीस पादचारी सहज मावतात. पलीकडच्या काठावर वेळेवर बस मिळाली, तर अनेकजण वाहन घरी ठेवून पायी बोटीत चढतील आणि बोटीची माणसे नेण्याची क्षमता एक रुपयाही खर्च न करता वाढेल. बोट आणि बस यांची वेळापत्रके परस्परांशी जुळविणे म्हणूनच आवश्यक ठरते. रायबंदर–चोडण मार्गावर जुलै २०२५ मध्ये रो-रो पद्धतीच्या अधिक मोठ्या बोटी सुरू झाल्या, त्यामागेही गर्दीचे हेच कारण आहे.

बेटाला पूल हवा काय?

दिवाडी बेट मुख्य भूमीशी पुलाने जोडलेले नाही. यामुळे तेथील लोकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि त्याबाबत बेटावर एकमत नाही. रात्री फेऱ्या थांबल्या वा विरळ झाल्या की बाळंतीण, वृद्ध व आजारी माणसे यांच्या घरच्यांस काळजी लागते. परीक्षेच्या दिवशी बोट बिघडली तर विद्यार्थ्याचे वर्ष पणास लागते. पुलाची मागणी करणाऱ्यांचे हे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच गंभीर आहे. दिवाडीच्या सखल भागात खाजन जमिनी आहेत. खाऱ्या पाण्याला बांध घालून आणि 'मानस' नावाच्या दारांनी भरती-ओहोटीचे पाणी नियंत्रित करून या जमिनीत भातशेती व मत्स्योत्पादन होत आले आहे. पूल झाल्यास जमिनीचे भाव वाढतील, शेत विकले जाईल, बांधांची देखभाल करणारे हात कमी होतील, अशी भीती अनेकांस वाटते. बांध एके ठिकाणी फुटला तर खारे पाणी एकाच्या शेतात थांबत नाही. साऱ्या गावाचे शेत नासते. शेजारच्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीचे जंगल असून तेथे डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य १९८८ साली घोषित झाले. या साऱ्या परिसराचे स्वास्थ्य पाण्यावर अवलंबून आहे.

निर्णय कोणताही होवो, एक गोष्ट दोन्ही पक्षांस मान्य व्हावी अशी आहे. पुलाची चर्चा अनेक वर्षे चालते आणि पुलाचे काम आणखी काही वर्षे. तोवर माणसांना रोज नदी ओलांडावयाची असते. पूल व्हावयाचाच आहे म्हणून फेरीबोटीची डागडुजी लांबणीवर टाकणे, किंवा फेरी आहेच म्हणून रुग्णाच्या रात्रीच्या गरजेकडे पाठ फिरविणे, या दोन्ही गोष्टी ग्रामस्थांवर सारखाच अन्याय करतात. रात्रीसाठी सज्ज बोट, बिघाडाच्या वेळी बदली बोट, धक्क्यावर दिवे व निवारा, आणि बोट बंद राहणार असल्यास आदल्या दिवशी सूचना, या गोष्टी पुलाची वाट न पाहता करता येतात.

परदेशातही हाच प्रश्न निर्माण झाला आहे. अमेरिकेतील कनेटिकट नदीवर रॉकी हिल आणि ग्लास्टनबरी या गावांदरम्यान १६५५ पासून तर चालते. त्या देशातील अखंड चालू असलेली ती सर्वांत जुनी तर मानली जाते. एक लहान बोट सपाट तराफ्यास ओढते आणि एका खेपेस मोजक्याच मोटारी नेते. राज्याच्या काटकसरीसाठी २०११ साली ती बंद करण्याचा प्रस्ताव आला असता स्थानिक नागरिकांनी त्यास विरोध केला आणि सेवा टिकली. तेथे जवळपास पूल असूनही लोकांनी तर राखली. दिवाडीकरांना तर तिच्यावाचून वाट नाही. ही तुलना विचारात घेण्याजोगी आहे.

शाळेसाठी काही उपक्रम

नदीकाठच्या शाळांतील शिक्षकांना या विषयावर वर्गाबाहेरचा उत्तम पाठ घेता येईल. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमवेत धक्क्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून एक तासभर नोंदी ठेवाव्यात : बोट कोणत्या वेळी सुटली, किती पादचारी, किती दुचाक्या, किती मोटारी गेल्या, किती मागे राहिल्या. या नोंदींवरून आलेख काढावा. धक्क्याच्या उतारावर पाण्याची खूण दर तासाने टिपल्यास भरती-ओहोटीचा तक्ता तयार होईल आणि तिथीशी तो ताडून पाहता येईल. टोपलीभर पाण्यात पत्र्याचा सपाट डबा तरंगवून त्यात एकेक खडा मध्यभागी व मग कडेस ठेवावा. भार आणि तोल यांतील फरक मुलांच्या ध्यानी येईल. घरातील वडीलधाऱ्यांकडून पूल नसतानाच्या प्रवासाच्या आठवणी व तरीसंबंधीचे जुने शब्द गोळा करावेत. ज्या गावी नदी आहे पण फेरीबोट नाही, तेथे जुनी तर कोठे होती, ती कोण चालवी आणि केव्हा बंद पडली, याचा शोध घ्यावा.

अशा नोंदी शाळेच्या फळ्यावरच राहू नयेत. नीट तपासलेला तासाभराचा तक्ता ग्रामसभेत मांडल्यास 'बोटीला फार गर्दी असते' या तक्रारीस आकड्यांचा आधार मिळेल आणि संबंधित अधिकाऱ्यासही कोणत्या वेळी दुसरी बोट सोडावयाची हे ठरविता येईल. सार्वजनिक सेवा सुधारण्याचा मार्ग पुष्कळदा अशा साध्या नोंदीपासून सुरू होतो.